शटर कोण ओढणार?

शहागंजमधल्या एका दुकानदाराचा प्रश्न: खांद्याचा फाटलेला स्नायुबंध शिवून दोन आठवडे झाले. एक म्हणतो हात हलवू नका, दुसरा म्हणतो खांदा आखडेल. खरं कोणाचं?

दोघांचंही, थोडं थोडं. शिवलेला भाग हाडाला घट्ट धरायला साधारण 12 आठवडे लागतात. फाट लहान असेल, तर फिजिओथेरपिस्टने अलगद हलवलेला हात लवकरही चालतो. मोठी असेल, तर 4 ते 6 आठवडे झोळीच बरी; आखडलेला खांदा बहुधा सुटतो, टाका उसवला तर पंचाईत. वर्षभराने दोन्ही वाटांत फारसा फरक उरत नाही. बोटं, मनगट, कोपर मात्र सुरुवातीपासून हलवत राहावं.

आणि शटर? तीन महिने तरी पोऱ्याने ओढावं. मार्च 2006मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झालेला सचिन तेंडुलकरही भारतासाठी पुन्हा खेळला तो थेट सप्टेंबरात.

फाट केवढी होती, हे शस्त्रक्रियेच्या कागदावर असतं. तेवढं आधी डॉक्टरांना विचारावं.