चालण्याजोग्या रस्त्यांसाठी घेतलेल्या प्रभागातल्या सभांनी शिकवलेलं

१. ‘गाडी की पायी?’ असा प्रश्न सभेत टाकू नये. उरलेला तास भांडणात जातो. पुण्यात गाडीवालासुद्धा दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून घरी चालतच येतो. त्या चालण्याबद्दल त्याला बोलतं करावं. आईला डायलिसिसला नेणाऱ्याला दारापर्यंत गाडी लागणारच. हे आपणच आधी म्हणून टाकावं, निम्मा विरोध मावळतो.

२. पार्किंगमध्ये पक्ष शोधू नये. मार्च २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या मुख्य सभेत रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावणारं धोरण मंजूर झालं, तेही पाच रस्त्यांपुरतं. विरोधकांनी आंदोलन केलं आणि पुढे वर्षानुवर्षं धोरण कागदावरच राहिलं. बाकं उलटी असती तरी हेच झालं असतं, असं माझं मत. रस्त्यावर फुकट गाडी लावणं हा आपल्याकडे सर्वपक्षीय हक्क आहे.

३. मागणी एक असली की पुरे, कारणं जुळवत बसू नये. उदाहरण पार्किंगच्या सक्तीचं. नव्या इमारतीत फ्लॅटच्या आकारानुसार पार्किंगला जागा सोडावीच लागते. एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. पेठेतल्या वाड्यांत एवढ्या जागेत अख्खी बिऱ्हाडं राहिली आहेत. वाडा पडतो तेव्हा रस्त्याकडेचा ओटा, वाणी, पिठाची गिरणी जाते आणि तिथे खांब, फाटक, वॉचमनची खुर्ची येते. वर माणसं वाढतात, खाली रस्ता मुका होतो. दाट वस्तीत राहून दळण टाकायलाही स्कूटर काढायची, तर दाटीचा उपयोग काय?

ही सक्ती सैल करा, या अर्जावर आमच्याकडे भलतीच मंडळी एकत्र आली. खुल्या बाजाराचे कैवारी म्हणाले, “जागा मालकाची, सरकार कोण सांगणार?” कामगार चळवळीतल्या ताईंचा सवाल, “गाडी नसलेल्याने पार्किंगचे पैसे का भरायचे?” शाखेत जाणाऱ्या आजोबांना गल्ली पूर्वीसारखी जागती हवी होती. तिघांच्याही सह्या झाल्या. चर्चा वाढवली असती तर एकही झाली नसती.

“मग गाड्या रस्त्यावर येतील” हा आक्षेप मात्र खरा आहे. त्याला रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावणं हेच उत्तर, आणि तिथे पुन्हा मुद्दा क्रमांक दोन आडवा येतो.

४. पत्रकापेक्षा मोजायची टेप न्यावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या सूचनांनुसार फूटपाथ १५० मिलिमीटरहून उंच नसावा आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी. फूटपाथवरच्या विजेच्या डीपीशेजारी टेप धरली, की सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते वाकून आकडा बघतात.

५. दुकानदाराला शत्रू करू नये. लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. त्या दिवशी जत्रा भरते, छान वाटतं. पण दुकानदाराची धास्ती बाराव्या तारखेची असते: गिऱ्हाईक येणार कसं? बस कुठून, दर किती मिनिटांनी आणि थांबा दुकानापासून किती लांब, हे सांगता येत नसेल तर त्याच्याकडे जाऊच नये.

६. सभेच्या निरोपात हॉलजवळचा बसथांबा ठळक अक्षरांत लिहावा. तरी पहिला फोन येतो तो “पार्किंग आहे ना?” असाच. आणि करणारा बहुधा आपल्याच बाजूचा असतो.