बर्फावरचे एकशे अठ्ठावीस तास

भर मे महिन्यात माजिवड्याच्या घरी मी स्कीचे बूट चढवून, भिंतीला पाठ लावून, खुर्चीत बसल्यासारखी अधांतरी बसत असे. खाली उड्डाणपुलावरून नाशिककडे निघालेले ट्रक, घोडबंदर रोडची न संपणारी रांग, मेट्रोच्या कामाची धूळ. वर पाचव्या मजल्यावर मी, पोटरीपर्यंत येणाऱ्या टणक बुटांची चारही बकलं आवळून, घामाने निथळत मिनिटं मोजत. बर्फ दिसायला अजून आठ महिने होते. तोवर शिकलेलं सगळं पायांतून निघून जाईल आणि आपण आहोत तिथेच राहू, ही एकच धास्ती डोक्यात असायची. त्या धास्तीपायी माझा उजवा गुडघा गेला. ठाण्या-डोंबिवलीहून दर हिवाळ्यात गुलमर्ग, औली, सोलंगला स्कीइंग शिकायला जाणारी बरीच मंडळी माझ्या ओळखीची आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी आत्ता हाच हिशेब करत बसलं असेल, म्हणून हे सगळं लिहून काढते आहे.

२०२०च्या जानेवारीत मी गुलमर्गला चौदा दिवसांचा पहिला कोर्स केला. तेव्हा तिशी ओलांडली होती. पहिल्या दिवशी स्की पायात अडकवून सपाट बर्फावर चालताना चार वेळा पडले. पाचव्या दिवशी दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि शेपट्या लांब, अशी पाचर करून थांबायला यायला लागलं. कोर्स संपताना छोट्या उतारावरून वळणं घेत खाली येत होते. एवढ्या झपाट्याने काहीतरी जमतंय हा अनुभव मोठेपणी फार क्वचित येतो, आणि तो आला की माणसाला वाटतं, आता हे असंच चालणार. दुसऱ्या हिवाळ्यात स्की समांतर ठेवून वळता आलं. मी जुने बूट विकत घेतले ते तेव्हाच.

तिसऱ्या वर्षी फ्रीस्टाइलचं वेड लागलं. नुसतं खाली न येता उड्या मारणं, हवेत गिरकी घेणं, उलटं म्हणजे पाठ उताराकडे करून घसरणं, उंचवट्यांवरून जाणं, असं सगळं त्यात येतं. ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार तसा नवा आहे. उंचवट्यांच्या म्हणजे मोगल्सच्या शर्यतीला १९९२मध्ये पदक मिळू लागलं, हवेतल्या कसरतींच्या म्हणजे एरियल्सच्या प्रकाराला १९९४मध्ये, आणि एकाच मोठ्या उडीचं बिग एअर तर २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं. त्या फेब्रुवारीत मी मोबाइलवर आयलीन गू या स्कीपटूची बिग एअरमधली शेवटची उडी पाहिली. अठरा वर्षांची मुलगी, साडेचार गिरक्या, आणि तिने स्वतः याआधी स्पर्धेत कधीच न मारलेली ती उडी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत मारून सुवर्णपदक घेतलं. ती क्लिप मी शंभर वेळा तरी पाहिली असेल. त्यातून मी जे शिकले ते साफ चुकीचं होतं. मला वाटलं, हिंमत केली की होतं. ती वयाच्या तिसऱ्या वर्षापासून स्कीवर उभी आहे, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि हिशेबात धरणं यांत फार अंतर असतं.

माझ्याकडे एक वही होती. डावीकडे तारीख, उजवीकडे नवं काय जमलं. पहिल्या वर्षी पानं भरली होती. तिसऱ्या वर्षी सात दिवसांत एकच ओळ: ‘सरळ उडी, छोटी.’ माझ्याच बॅचला पुण्याचा एक मुलगा होता, त्याला तेवढ्यात पूर्ण गिरकी जमली. त्याचे व्हिडिओ ग्रुपवर यायचे. मी ‘मस्त रे!’ लिहायचे आणि रात्री वही उघडून बसायचे. वय झालं का? मुळातच कुवत कमी का? रजा आणि पैसा वाया चाललाय का? ही काळजी वाईट कशाने, तर ती शिकण्याची दिशाच बदलून टाकते. वळण नीट झालं का, हे बघणं मी सोडलं. वहीत लिहिण्याजोगं नवं काय करता येईल, हे बघायला लागले.

२०२३च्या फेब्रुवारीत चौथी फेरी. सहावा आणि शेवटचा दिवस. काही मुलांनी फावड्याने बर्फ रचून कमरेएवढा किकर, म्हणजे उडीचा चढ, केला होता. मी सरळ उडी सहा-सात वेळा मारली. त्यांतल्या निम्म्या वेळी खाली येताना मागे रेलत होते, हात टेकत होते. माझे काश्मिरी उस्ताद दोनदा म्हणाले, ‘मॅडम, आज के लिए बस.’ साडेतीन वाजले होते. समोरच्या अफरवट शिखरावर ढग उतरला होता आणि उजेड असा पसरट झाला होता की उताराची चढ-उतर डोळ्यांना कळेना. मांड्या थरथरत होत्या. दुसऱ्या दिवशी श्रीनगरहून विमान. वहीत त्या वर्षाची एकही ओळ नव्हती. मी गिरकी घ्यायला गेले.

अर्धी झाली. वजन पूर्ण मागे, ढुंगण गुडघ्यांच्या खाली, आणि खालच्या बाजूच्या स्कीची शेपटी बर्फात रुतून आत वळली. गुडघ्यातून ‘टप्’ असा आवाज आला. ओली काडी मोडल्यासारखा, फार मोठा नाही. दुखलंही लगेच नाही. उठायला गेले तेव्हा मांडी एका दिशेला आणि नडगी दुसऱ्या दिशेला गेली.

ठाण्याला येऊन एमआरआय केला. एसीएल, नडगी पुढे सरकू न देणारा गुडघ्याच्या आतला लिगामेंट, पूर्ण तुटला होता. नंतर कळलं की स्कीइंगमध्ये हा लिगामेंट तुटण्याची ही अगदी ठरलेली रीत आहे: मागे पडणं, आणि पडता पडता उठायचा प्रयत्न करणं. माझी भाबडी समजूत होती की पडल्यावर बुटाला स्कीशी जखडणारं बाइंडिंग सुटतं, म्हणजे गुडघा वाचतो. बाइंडिंग मुख्यतः नडगीचं हाड वाचवायला बनवलेलं असतं. मागे रेलून हळूच पिळवटणाऱ्या गुडघ्याला ते वाचवेलच याची खात्री नाही. बूट भाड्याने घेतानाच हे प्रत्येकाला सांगायला हवं, असं मला फार तळमळून वाटतं.

सूज उतरल्यावर शस्त्रक्रिया झाली. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून तिथे बसवली. मग फिजिओ. पहिले दोन आठवडे एकच काम: पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून, मांडीचा स्नायू आवळायचा आणि दहा मोजायचं. तिथेही मी विचारलं, ‘इतरांच्या मानाने माझं कसं चाललंय?’ फिजिओताईंनी हातातलं काम थांबवलं आणि उलट विचारलं, ‘तुम्ही स्कीइंग किती केलंय?’

‘चार वर्षं.’

‘वर्षं नको. तास सांगा.’

रात्री वही काढून बेरीज केली. बर्फावरचे दिवस पहिल्या वर्षी १२, दुसऱ्या वर्षी ७, तिसऱ्या वर्षी ७, चौथ्या वर्षी ६. एकूण ३२. रांगा, चहा, जेवण वजा जाता दिवसाला चार तास. म्हणजे १२८ तास. एवढंच.

लहानपणी मी ठाण्यातल्या एका व्यायामशाळेत दोरीच्या मल्लखांबाला जात होते. रोज दीड तास. १२८ तास म्हणजे तिथले ८५ दिवस. रविवारची सुट्टी धरली तर सव्वातीन महिने. सव्वातीन महिन्यांत मला तिथे काय येत होतं, ते मला लख्ख आठवतं. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची आणि तेवढ्यावर वर चढायचं. सुती दोरी, एकही गाठ नाही. पहिला महिना बेचक्याची कातडी सोलली, दुसऱ्या महिन्यात तिथे घट्टा पडला, तिसऱ्या महिन्यात साधी अढी घालून क्षणभर हात सोडता आले. शिकवणाऱ्या बाई एवढंच करून घ्यायच्या. कुणी पुढचं मागितलं तर म्हणायच्या, ‘आधी खाली नीट उतरून दाखव.’ मल्लखांबात उतरणं हासुद्धा शिकण्याचा भाग असतो. ‘तुझं हळू चाललंय’ असं तेव्हा मला कुणी म्हणालं नाही, आणि मलाही वाटलं नाही. आणि इथे तेवढ्याच तासांत मी हवेत गिरकी मागत होते, ती मिळत नाही म्हणून रात्री रात्री जागत होते, कारण कॅलेंडर चार वर्षं दाखवत होतं!

मग पुण्याच्या त्या मुलाला फोन केला. तो आठ वर्षं जिम्नॅस्टिक्स करत होता. गिरकी त्याला बर्फाने शिकवली नव्हती. त्याने ती सोबत आणली होती. गुलमर्गजवळच्या तंगमर्गच्या पोरांचंही तसंच. काश्मीरमध्ये शाळेची मोठी सुट्टी हिवाळ्यात असते, आणि ती पोरं आमची सगळी चार वर्षं एका सुट्टीत संपवतात. त्याच भागातला आरिफ खान वयाच्या चौथ्या वर्षी स्कीवर उभा राहिला, बीजिंगला भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला तेव्हा एकतीस वर्षांचा होता, आणि जायंट स्लॅलममध्ये पंचेचाळिसावा आला. सत्तावीस वर्षांचा बर्फ त्याच्या पायाखाली होता. हे वाचून माझं मन खचलं नाही, उलट शांत झालं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की बर्फावरचे तास मोजा. जुन्या कोर्सचे दिवस आठवून आजच बेरीज करून ठेवा. आणि पुढच्या फेरीत नवं काय शिकायचं ते ठरवताना पहिले दोन दिवस सरळ वजा करा. ते गेल्या वर्षीचं परत मिळवण्यात जातातच. मी दर वर्षी त्या दोन दिवसांत रडवेली व्हायचे, कारण मागे गेल्यासारखं वाटायचं. सात दिवस जाणार असाल तर नवं शिकायला पाच आहेत, एवढंच धरून चला. जमत असेल तर वर्षातून एकदा चौदा दिवस जाण्यापेक्षा डिसेंबरअखेर आणि फेब्रुवारी अशा दोन फेऱ्या करा. मधला विसर कमी होतो. कुणाचे नातेवाईक दुबईत असतील तर तिथल्या स्की दुबईत ४०० मीटरची उतरण बारा महिने मिळते.

उडीबाबत मात्र मी हटून सांगेन. सरळ उडी दहापैकी आठ वेळा, हात न टेकता, नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली ठेवून उतरता येत नाही तोवर गिरकीचं नाव काढू नका. गिरकी आधी जमिनीवर, मग ट्रॅम्पोलिनवर, मग बर्फावर. उलटं घसरणं त्याआधी शिका, कारण अर्धी गिरकी झाली की तुम्ही उलटेच उतरणार असता. जगातले एरियल्सचे मोठे खेळाडूसुद्धा उन्हाळाभर प्लास्टिकच्या उतारावरून स्कीसकट तलावात उड्या मारतात. पाणी मऊ व्हावं म्हणून खालून हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. पाण्यात पक्की झाल्याखेरीज उडी बर्फावर जात नाही. त्यांच्यातली शू मेंगताओ बीजिंगला सुवर्णपदक जिंकली तेव्हा एकतीस वर्षांची होती, ते तिचं चौथं ऑलिम्पिक होतं, आणि मध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन गेली होती. गूच्या क्लिपऐवजी मी ही हकिगत शंभर वेळा वाचायला हवी होती.

दिवसाची शेवटची फेरी मारायची नाही. ‘ही शेवटची’ असं मनात आलं की त्याआधीची शेवटची झाली असं समजायचं आणि स्की काढायच्या. उस्ताद बस म्हणाले की बस. निघण्याआधी विम्याचे कागद काढून साहसी खेळ वगळलेत का, ते वाचा. मी ते दवाखान्यात, पाय उशीवर ठेवून वाचले.

बर्फ नसताना काय करायचं, हा आम्हा ठाणेकरांचा खरा प्रश्न. मनालीजवळचा शिव केशवन हिमालयातल्या डांबरी रस्त्यावर चाकांची घसरगाडी पळवून ल्यूजचा सराव करत १९९८ ते २०१८ सहा ऑलिम्पिक खेळला. वाहत्या रस्त्यावर कुणी जाऊ नये, पण चाकांवर बरंच शिकता येतं. आता पहाटे साडेपाचला इमारतीच्या पोडियमवर मी इनलाइन स्केट्स घालून पाण्याच्या बाटल्यांमधून वळणं घेते. कडेवर वजन टाकणं, खांदे उताराकडे ठेवून कमरेखालून वळणं हे तेच आहे. रविवारी येऊरचा चढ. आठवड्यातून दोनदा एका पायावर उतरत्या बैठका, आरशासमोर, गुडघा आत पडतोय का ते बघत. बूट घालून भिंतीला टेकणं बंद केलं. त्याने मांड्या थकतात, बाकी हाती काही लागत नाही.

आणि दुखापत झालीच असेल, तर परतायची घाई करू नका. एसीएलनंतर नऊ महिन्यांच्या आत वळणावळणाच्या खेळाकडे परतणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. नवव्या महिन्यापर्यंत थांबलेल्या प्रत्येक महिन्यागणिक धोका उतरत जातो. मी तो पुढचा हिवाळा सोडून दिला. ग्रुपवर बर्फाचे फोटो येत होते, आणि मी उपवन तलावाभोवती चालत होते.

२०२५च्या फेब्रुवारीत परत गेले. चार दिवस किकरकडे फिरकलेसुद्धा नाही. पाचव्या दिवशी उस्तादांनी गुडघ्याएवढा चढ रचला आणि बाजूला उभे राहून मोजू लागले. दहा सरळ उड्या. सहा नीट उतरल्या, दोनदा हात टेकला, दोनदा मागे रेलले. पावणेतीन वाजले होते, ऊन अजून होतं. ‘और?’ त्यांनी विचारलं. मी वाकून बाइंडिंगच्या टाचेवर पोल दाबला. स्की सुटल्या. खांद्यावर टाकून आम्ही दोघं टपरीकडे कहवा प्यायला गेलो, आणि वहीत मी लिहिलं: ‘दहापैकी सहा. तास १४८.’