मृतांचा महिना आणि चपातीचे चंद्र



२ नोव्हेंबरला कबरींना आशीर्वाद देऊन आम्ही दफनभूमीच्या फाटकापाशी आलो, तेव्हा आपल्या धर्मग्रामातील एका आजींनी विचारले, "फादर, तुम्ही एवढ्या जणांना माती दिलीत. तुम्हांला मरणाची भीती वाटत नसेल, नाही?" आम्ही हसून म्हणालो, "पुनरुत्थानावर विश्वास ठेवणाऱ्याला कसली भीती, आजी!" उत्तर धर्मशिक्षणाच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होते, पण आमच्यापुरते ते खरे नव्हते. म्हणून आज या विषयावर थोडा विचार करू.

आम्हांला यात एका कलाकृतीची मदत झाली. ती आम्ही छायाचित्रांतूनच पाहिली आहे. मुंबईचे चित्रकार जितीश कल्लाट यांनी २०१०-११ मध्ये 'एपिलॉग', म्हणजे 'उपसंहार' नावाचे मांडणशिल्प केले. मांडणशिल्प हा शब्द काहींना नवा वाटेल. चित्र आपण समोर उभे राहून पाहतो. मांडणशिल्पात कलाकार वस्तू जागेत मांडतो आणि पाहणारा त्यांच्यामधून चालतो. आपला नाताळचा गोठा हा त्याचाच एक भाऊबंद म्हणा ना. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये ग्रेच्चो गावी खरा बैल आणि गाढव उभे करून गोठा मांडला, तोही लोकांनी आत यावे म्हणूनच.

कल्लाट यांचे वडील २ एप्रिल १९३६ रोजी जन्मले आणि २ डिसेंबर १९९८ रोजी वारले. मुलाने त्या आयुष्यातील प्रत्येक रात्रीचा एक चंद्र धरला. भरले २२,८८९ चंद्र. ते छायाचित्रांच्या ७५३ चौकटींत मांडले, जितके महिने तितक्या चौकटी. जवळ जाऊन पाहावे तर तो चंद्र नसतो, चपाती असते! कुठे पूर्ण, कुठे अर्धी, कुठे चतकोर. खाऊन संपत जाते, पुन्हा भरते. ६२ वर्षे ८ महिने जगलेल्या माणसाचे सगळे आयुष्य भिंतींवर, आणि त्यात त्याने काय पराक्रम केला याचा एक शब्दही नाही.

आमच्या मनात लगेच आपल्या भागातले वीरगळ आले. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कितीतरी गावांच्या देवळांपाशी ते उभे आहेत. वाई तालुक्यात किकलीला भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात तर पुष्कळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर, वर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर नाव राहील. मरणाच्या भीतीला हे जुने उत्तर आहे आणि आम्ही त्याला कमी लेखत नाही. पण गाईगुरांसाठी, गावासाठी लढून पडला त्याला दगड मिळाला. रोज चार भाकऱ्या थापून म्हातारी झाली तिला कुठला दगड? कल्लाट यांच्या चंद्राखाली तीही बसू शकते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना फ्रेंच विचारवंत गाब्रिएल मार्सेल यांची एक हकिकत ऐकली होती. चार वर्षांचे होण्याआधीच त्यांची आई गेली. पुढे १९२९ मध्ये ते कॅथलिक झाले. १९३७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत लेऑं ब्रुन्श्विग या प्राध्यापकांनी त्यांना टोमणा मारला, की मला माझ्या मरणाची जेवढी चिंता आहे त्याहून जास्त मार्सेल यांना स्वतःच्या मरणाची दिसते. मार्सेल यांनी उत्तर दिले ते असे, की प्रश्न माझ्या मरणाचा नसून, ज्याच्यावर माझे प्रेम आहे त्याच्या मरणाचा आहे. परीक्षेत आम्ही हे लिहून गुण मिळवले. समजले मात्र २०२१ च्या एप्रिलमध्ये.

आमचे वडील तेव्हा साताऱ्याला वारले. आम्ही सांगलीत, स्वतःच तापाने अलग खोलीत पडलेले. दुसऱ्या धर्मगुरूंनी त्यांना माती दिली आणि आम्ही मोबाइलवर पाहिले. मध्येच रेंज गेली. तेव्हापासून कधी कधी रात्री जाग येते आणि आम्ही आपलीच नाडी मोजतो. आजींना हे सांगायचे राहिले होते.

कल्लाट यांचे पाहून आम्हीही वडिलांचे दिवस मोजायला बसलो. शाळेच्या दाखल्यावर १ जून, जशी त्या पिढीतल्या निम्म्या माणसांची असते. ती तारीख गुरुजींनी टाकलेली. शेवटी स्नानसंस्काराची नोंद सापडली: १२ फेब्रुवारी १९५०. तिथपासून २४ एप्रिल २०२१ पर्यंत २६,००४ दिवस होतात. स्तोत्र ९० मध्ये माणसाचे आयुष्य सत्तर किंवा फार तर ऐंशी वर्षांचे सांगितले आहे, त्या मापाने पुरेसे. पण आकडा कागदावर लिहिल्यावर आम्हांला शेवटचा दिवस आठवेना. त्यांची बसायची जागा आठवली, चहात चपाती बुडवून खाण्याची सवय आठवली. तीन वर्षे आम्हांला त्या मोबाइलच्या पडद्यापलीकडचे काही दिसत नव्हते.

भीती गेली असे नाही. ती असणे म्हणजे विश्वास नसणे, असेही आम्ही आता मानत नाही. प्रभू येशू लाजराच्या कबरेपाशी रडला, गेथशेमाने बागेत व्याकूळ झाला. पुढे काय होणार हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? कल्लाट यांची कृती ख्रिस्ती नाही, तिच्यावर आपला अर्थ लादू नये. पण वेदीवर भाकर मोडताना हातात अर्धा चंद्र दिसतो, आणि हे वडिलांनाही दर रविवारी मिळत होते, असे आठवते.

पुढच्या रविवारी आजी भेटल्या तेव्हा आम्ही सांगितले, "आजी, वाटते भीती." त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. मला वाटलं, मी एकटीच."

मृतांच्या नावांची पेटी वेदीच्या डाव्या बाजूस ठेवली आहे. महिनाअखेरपर्यंत चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि शक्य असल्यास नावाखाली दोन्ही तारखा लिहाव्यात. जन्मतारीख नक्की नसेल तर मिस्सानंतर कार्यालयात या, जुन्या नोंदवहीत मिळून शोधू.