सुधाकराला सोबत मिळाली असती तर...

(द्वितीय वर्ष कला)

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील तळीरामाच्या 'आर्यमदिरामंडळा'चा प्रवेश वर्गात वाचला की आपण सारे हसतो. मीही हसले. घरी येऊन पुन्हा वाचताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली. पिणाऱ्यांसाठी त्या नाटकात मंडळ आहे, बैठक आहे, सोबती आहेत. सुधाकर पश्चात्तापाने दारू सोडायला निघतो तेव्हा मात्र तो एकटा असतो. नोकरीसाठी जुन्या ओळखीच्यांकडे जातो, अपमान घेऊन परततो आणि पुन्हा पेला जवळ करतो. त्याचा निश्चय खोटा नव्हता. त्याला सोबत नव्हती.

हे मी इतक्या खात्रीने लिहिते, कारण असा सुधाकर मी घरी पाहिला आहे. माझे वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात हमाली करतात. त्यांना विचारूनच मी हे लिहीत आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, बेलभंडारा उचलला, दोनदा माळ घातली. दोन्ही वेळा माळ उतरली. आमच्या गावात माळ घालून कायमचे सुटलेले लोकही आहेत. त्यांच्याकडे नीट पाहिले, तर ते एकादशीला, भजनाला, दिंडीला जातात असे दिसते. माळ गळ्यात असते, पण ती टिकते दिंडीमुळे. अण्णा माळ घालून एकटेच घरी बसले होते.

हीच गोष्ट दूर अमेरिकेत १९३५ साली एका माणसाला उमगली. बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला हा गृहस्थ पाच महिने दारूपासून दूर होता. अॅक्रन या परगावी त्याचा व्यवहार फसला. हॉटेलच्या मद्यालयातून हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता. तेव्हा त्याने चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवायला सुरुवात केली. आपल्यासारखाच एखादा मद्यपी मला भेटवा, एवढेच त्याचे मागणे होते. शेवटी डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बोलत बसले. मधे त्यांचा एकदा तोल गेला. पण १० जून १९३५ नंतर त्यांनी दारू घेतली नाही. तोच दिवस 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'चा, म्हणजे 'एए'चा, स्थापनादिन मानतात. भारतात हे कार्य १९५७ साली सुरू झाले. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले.

एवढे सारे असूनही आमची गाठ त्याच्याशी पडत नव्हती. दारू कोठे मिळते हे आमच्या गल्लीतले शेंबडे पोरही सांगेल; सोडणाऱ्यांची सभा कोठे भरते हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी मी १४४४६ या निःशुल्क राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन केला. सरकारी रुग्णालयातही जाऊन विचारले. पहिल्या पत्त्यावर आई आणि मी पोहोचलो, तर दाराला कुलूप! सभेची जागा बदलली होती. आई म्हणाली, "चल घरी, कोणी बघेल." पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो आणि शाळेच्या एका खोलीत ती सभा सापडली.

काही सभा फक्त मद्यपींसाठी असतात, तर खुल्या सभेला घरच्यांनाही बसता येते. आमची सभा खुली होती. एकेक जण उठे, नुसते नाव सांगे, आडनाव नाही, आणि म्हणे, "मी मद्यपी आहे." मग स्वतःची हकीकत. कोणी कोणाला उपदेश करीत नव्हते. फी नाही, जात नाही, धंद्याची चौकशी नाही. दारू सोडण्याची इच्छा, हीच सभासदत्वाची एकमेव अट. जन्मभराची शपथ तर कोणीच मागत नव्हते. आजचा दिवस प्यायचे नाही, एवढेच. घरच्यांसाठी 'अल्-अॅनॉन' नावाच्या वेगळ्या सभा असतात, हे आईला तेथेच कळले. तिसऱ्या आठवड्यात अण्णा स्वतः आले आणि शेवटच्या बाकावर बसले.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. रोज पुष्कळ पिणाऱ्याची दारू एकदम बंद केली तर हातपाय थरथरणे, झटके, भ्रम असे प्रकार होतात. प्रसंगी जीवावर बेतते. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. सभा हा औषधाला पर्याय नव्हे. औषधानंतरच्या लांब वाटेवरची ती सोबत आहे.

अण्णांचा मधे एकदा, पोळ्याच्या दिवशी, तोल गेला. पूर्वी अशा वेळी ते चार-चार दिवस तोंड दाखवीत नसत. या खेपेस दुसऱ्याच दिवशी सभेला गेले आणि सर्वांसमोर सांगून आले. आज त्याला सात महिने झाले. पुढचे मी सांगू शकत नाही. तेही सांगत नाहीत.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी सुधाकर असेल. आपण शिकलो म्हणजे निदान एवढे करू शकतो : फोन करू शकतो, पत्ता वाचू शकतो, आणि कुलूप दिसले तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जाऊ शकतो.