‘इन्व्हर्जन’ : एक संज्ञा, अनेक मराठी पर्याय

शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो, हे आपण मागील घटकात पाहिले. ‘इन्व्हर्जन’ ही इंग्रजी संज्ञा त्याचे बोलके उदाहरण आहे. ‘उलटणे’ हा तिचा गाभा. मात्र काय उलटते, हे प्रत्येक ज्ञानक्षेत्रात वेगळे असते. म्हणून मराठीत तिला एकच पर्याय पुरत नाही.

१. व्याकरण : ‘पाऊस आला’ हे साधे विधान आहे. ‘आला पाऊस!’ असे म्हणताच क्रियापद पुढे येते आणि आगमनावर भर पडतो. हा पदक्रमाचा व्यत्यय होय. मराठीत तो बहुधा भर देण्यासाठी होतो. इंग्रजीत मात्र प्रश्न विचारतानाही कर्ता व साहाय्यक क्रियापद यांची अदलाबदल होते.

२. गणित : ५ चा गुणाकार व्यस्त १/५ आहे, दोहोंचा गुणाकार १ येतो. येथे शब्दांचा क्रम नव्हे, तर गुणण्याची क्रिया उलटते.

३. हवामानशास्त्र : उंचीबरोबर हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअसने घटते. कधी मात्र थंड हवा जमिनीलगत साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. अशा वेळी खालची हवा वर जात नाही. धूरही तेथेच कोंडतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडन शहरावर ही स्थिती सुमारे पाच दिवस टिकली. कोंडलेल्या कोळशाच्या धुराने हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या स्थितीला ‘तापमानाची विपरीतता’ म्हणतात.

आता भाषांतराचा विचार करा. ‘उलटापालट’ या अर्थाने ‘विपर्यास’ हा शब्द निवडून कोणी ‘शहरात तापमानाचा विपर्यास’ असा मथळा दिला, तर काय होईल? रूढ मराठीत ‘विपर्यास’ म्हणजे मूळ अर्थाची मोडतोड. तापमानाचे आकडे कोणीतरी फिरवले, असे वाचकाला वाटेल. धुरापासून जपण्याचा इशारा त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.

म्हणून पर्याय निवडण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा : मूळ स्थिती कोणती? त्यातील काय उलटले? त्यामुळे काय घडते? उत्तरे स्पष्ट झाली की योग्य शब्द शोधणे सोपे जाते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. ‘व्यस्त’ हा शब्द गणितात व दैनंदिन बोलण्यात कोणत्या अर्थांनी येतो?
२. ‘मी त्याला पाहिले’ या वाक्याचा पदक्रम दोन प्रकारे बदला व अर्थातील फरक सांगा.