दवाखान्याचा खर्च : शहापूरहून थेट नागपूर गाठण्याआधी

शहापूर मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. एका अंगाला भंडारा अगदी जवळ, दुसऱ्या अंगाला नागपूर. दुखण्याच्या वेळी हीच सोय महागात पडते. साखर वाढली, पोट दुखलं की गाडी ठरवायची आणि थेट नागपूरच्या खासगी दवाखान्यात जायचं. आधीचे कागद घरीच राहतात, मग रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं पहिल्यापासून. गाडीभाडं आणि सोबत्याची बुडालेली मजुरी तर कुठल्याच बिलात दिसत नाही. रोवणीच्या दिवसांत ती मजुरी औषधांपेक्षा जड जाते.

खरा प्रश्न पैशाइतकाच जबाबदारीचा आहे. चार डॉक्टरांनी तपासलं, पण पूर्ण रुग्ण कोणाच्याच हाती नाही, असं झालं की खर्च वाढतो आणि उपचार बिघडतो. सिकलसेलचं बघा. भंडारा जिल्ह्यात हा आजार जुना आहे. हातपाय दुखतात म्हणून मूल हाडाच्या डॉक्टरकडे, डोळे पिवळे म्हणून काविळीच्या औषधवाल्याकडे, अशक्त म्हणून रक्तवाढीच्या बाटल्यांवर. दुखणं मात्र एकच. सरकारी कार्यक्रमात त्याची तपासणी मोफत होते. निदान झालं की हायड्रॉक्सियुरियाची गरज आहे का, हे डॉक्टर ठरवतात आणि ते औषधही तिथेच मिळतं. सिकलसेलचं कार्ड मात्र प्रत्येक डॉक्टरला दाखवायलाच हवं.

तेव्हा सुरुवात गावातून करा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या, भरती यांचे पैसे लागत नाहीत. उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे बीपी-शुगरची नोंद ठेवा. दरमहा गोळ्या तिथून घ्या. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्लाही तिथेच विनाशुल्क मिळतो. उपकेंद्रात गोळ्या संपल्या असतील तर चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात जा, तेच औषध तिथे बरंच स्वस्त पडतं.

बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात खर्च नाही. सिझेरियन, रक्त, औषधं, जेवण आणि घरून ने-आण हे सगळं 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. गाडीसाठी 102, अपघात किंवा छातीत कळ आली तर 108. अशा वेळी उपकेंद्राची पायरी पाळत बसू नका.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयाचं नाव काढलं की 9 जानेवारी 2021 ची आग आठवते. त्या रात्री 10 नवजात बाळं गेली. त्या आठवणीने कोणी कचरत असेल तर त्याला दोष देता येणार नाही. पण साध्या दुखण्यासाठी कर्ज काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

नागपूरला जावंच लागलं तर पाठवणाऱ्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट घ्या. लक्षात ठेवा, ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही तिथली सरकारी रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. 2023 चा मोफतचा निर्णय तिथे लागू नाही, ठरलेलं शुल्क पडतं.

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली. आता आयुष्मान भारतशी जोडली आहे. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं, आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. 70 वर्षं आणि त्यावरील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान कार्ड मिळतं. पण दोन गोष्टी भरतीआधी विचारा: हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि आपला आजार त्याच्या यादीत आहे का? उत्तर रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडून घ्या, काउंटरवरच्या माणसाकडून नको. मंजुरी मिळालेल्या पॅकेजमध्ये तपासण्या, औषधं, जेवण येतं. त्याच उपचारासाठी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि तक्रार करा. पावती न देता पैसे घेणं ही इथली सगळ्यात जुनी चाल आहे.

योजनेबाहेर खासगीत गेलात तर 2021 च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. ती दिसली नाही तर विचारा. भरतीआधी अंदाजपत्रक लेखी मागा, बिलात बाबवार तपशील मागा. केसपेपरच्या प्रती मागितल्यावर 72 तासांत देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. या प्रती घेऊनच परत गावच्या उपकेंद्रात या, नाहीतर पुढची गोळी कोणी लिहायची हा घोळ पुन्हा सुरू होतो. नागपुरातलं धर्मादाय रुग्णालय असेल तर गरीब रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि 10 टक्के सवलतीत राखीव असतात. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून आधीच काढून ठेवा, आजारपणात त्यासाठी धावपळ होत नाही.

जन आरोग्य योजनेची तक्रार किंवा चौकशी 155388 या क्रमांकावर करा. रेशनकार्ड, आधार आणि जुने रिपोर्ट एकाच पिशवीत ठेवा आणि ती पिशवी कुठे आहे, हे घरात दोघांना तरी सांगून ठेवा.