दुसऱ्या नोकरीचे पत्र हाती असता

चाकरी करणाऱ्या मनुष्याचे आपल्या धन्याशी असलेले नाते निव्वळ पैशाचे नसते. तथापि ते पैशावाचूनचेही नसते. म्हणून अधिक वेतन मागणे हा लोभच होय असे समजणे जसे चुकीचे, तसेच जो अधिक देईल त्याचे आपण, असे समजणेही चुकीचेच. दुसऱ्या संस्थेने अधिक वेतनाचे पत्र दिले असता, ‘आपणही इतके द्याल काय?’ असे सध्याच्या मालकास विचारावे की नाही, आणि विचारावयाचे तर कसे, याचा विचार प्रस्तुत पाठात करावयाचा आहे.

हा प्रश्न कोठे उद्भवतो ते प्रथम पाहू. सरकारी नोकरीत वेतन ठरीव श्रेणीप्रमाणे मिळते. वरिष्ठास ते स्वेच्छेने वाढविता येत नाही. सबब तेथे ही मागणी निरर्थक ठरते. जेथे वेतन उभयपक्षी बोलणीने ठरते, अशा खाजगी नोकरीतच हा प्रश्न खरा असतो.

१. प्रथम हिशेब

विचार स्पष्ट व्हावा म्हणून एक उदाहरण कल्पू. इंदूर येथील औषधांच्या कारखान्यात एक तरुण रसायनज्ञ आहे. त्याचे वेतन दरमहा ४२,००० रुपये, पैकी मूळ वेतन २६,०००. त्याची सेवा चार वर्षे तीन महिने झाली आहे. हैदराबादच्या एका कंपनीकडून त्यास दरमहा ५६,००० रुपयांचे पत्र येते. ‘चौदा हजारांचा फरक!’ असे म्हणून तो वरिष्ठांच्या दारी निघतो. त्याने क्षणभर थांबावे.

पत्रातील आकडा बहुधा संस्थेस पडणाऱ्या एकूण खर्चाचा असतो. व्यवहारात त्यास सी.टी.सी. म्हणतात. त्यात भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा व ग्रॅच्युइटीची तरतूदही धरलेली असते. शिवाय आपल्या तरुणाच्या पत्रात दहावा हिस्सा, म्हणजे ५,६०० रुपये, कामगिरीवर अवलंबून आहे. तेव्हा निश्चित रक्कम ५०,४०० एवढीच उरते. उलटपक्षी, त्याचे ४२,००० हे निव्वळ वेतन आहे. त्याचा सध्याचा मालक त्याव्यतिरिक्त मूळ वेतनाच्या १२ टक्के, म्हणजे ३,१२० रुपये, निधीत भरतो. ग्रॅच्युइटीपोटी दरमहा १,२५० रुपयांचा भार त्यावर पडतो. एकूण ४६,३७०. खरा फरक चौदा हजारांचा नसून ४,०३० रुपयांचा आहे!

आणखी एक गोष्ट. नियमित कर्मचाऱ्यास ग्रॅच्युइटीचा हक्क सामान्यतः सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळतो. १९७२ च्या कायद्यात ही अट होती. २०२५ च्या नोव्हेंबरात अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. महिना सव्वीस दिवसांचा धरून, दर वर्षाच्या सेवेस पंधरा दिवसांचे वेतन, असा तिचा हिशेब असतो. आपल्या तरुणाने आणखी नऊ महिने काढले, तर त्यास सुमारे ७५,००० रुपये मिळतील. आज निघाल्यास ते बुडतील. परगावचे घरभाडे आणि वृद्ध आईबापांपासूनचे अंतर ही तर वेगळीच बाब.

हिशेब न करता मागणारा अज्ञानाने मागतो, आणि अज्ञानाने मागितलेले मिळाले तरी त्यात न्याय असतोच असे नाही.

२. मग करार

आपण जाण्यास मोकळे आहोत काय, हे मागणीपूर्वी तपासावे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे २७ वे कलम उपजीविकेस प्रतिबंध करणारा करार सामान्यतः निरर्थक ठरविते. परंतु सेवेची मुदत चालू असतानाचे बंधन निराळे. कल्याण येथील एका गिरणी कंपनीच्या कारखान्यातील पाळी-पर्यवेक्षकाने १९६३ साली पाच वर्षांचा करार केला होता. १९६४ मध्ये तो अधिक वेतनावर कोटा येथील प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला. उरलेल्या मुदतीत त्याने तसले काम अन्यत्र करू नये, हा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम ठेवला. तात्पर्य, ज्यास जाण्याची मोकळीक नाही, त्याने ‘मी जातो’ असे म्हणणे पोकळ आहे.

३. तीन कसोट्या

हिशेब व करार पाहिल्यावर मनास तीन प्रश्न विचारावेत.

पहिला: पत्र खरे आहे काय? तोंडी आश्वासन, किंवा कोणी सहज विचारले होते एवढ्यावर मागणी उभारू नये. नसलेले पत्र आहे म्हणून सांगणे ही उघड लबाडी होय.

दुसरा: मागणी मान्य झाल्यास मी खरोखर राहणार काय? जो अपमानामुळे किंवा काम शिकावयास मिळत नाही म्हणून कंटाळला आहे, त्याचे दुःख चार हजारांनी जाणार नाही. त्याने वेतनाची सबब पुढे न करता खरे कारण सांगावे.

तिसरा: दुसऱ्या संस्थेस मी शब्द दिला आहे काय? येथेच पुष्कळ सज्जन घसरतात. तेथे होकार कळवून, त्या होकाराच्या बळावर येथे वाढ मिळविणे, आणि मग तेथे नकार देणे, यात एकास वापरून दुसऱ्यास नमविणे आहे. तिकडे त्या जागेसाठी आलेल्या दुसऱ्या उमेदवारास नकाराचे पत्र गेलेले असते. म्हणून विचारावयाचे ते होकार देण्यापूर्वी. आणि विचार करण्यास मुदत हवी असल्यास ती उघडपणे मागून घ्यावी.

४. मागण्याची रीत

निकटच्या वरिष्ठांना भेटीची वेळ मागावी व समक्ष बोलावे. सहकाऱ्यांत आधी चर्चा करू नये. बोलणे थोडे असावे: ‘मला अन्य ठिकाणाहून लेखी बोलावणे आले आहे. माझी इच्छा येथेच राहण्याची आहे. सर्व हिशेब करता निश्चित रकमेत दरमहा सुमारे चार हजारांचा फरक पडतो. तो आपण भरून काढू शकाल काय? अमुक तारखेस मला तेथे उत्तर द्यावयाचे आहे.’ यात धमकी नाही, दैन्यही नाही. घरच्या अडचणींपेक्षा आपल्या कामाचा दाखला द्यावा. कारण वेतन कामाचे असते.

वरिष्ठांचेही कर्तव्य आहे. परक्याचे पत्र दिसल्यावाचून जो वाढ देत नाही, तो आपल्या सर्व माणसांस पत्रे आणावयास शिकवितो. आणि जो निष्ठेने गप्प राहिला, त्याच्याच निष्ठेचा दंड वसूल करतो.

५. उत्तर आल्यानंतर

मागणी मान्य झाली, तर ती लेखी घ्यावी, दुसऱ्या संस्थेस त्याच दिवशी नम्र नकार कळवावा, आणि हा प्रयोग वर्षावर्षाला करू नये. अमान्य झाली, तर रोष न धरता ठरवावे. जावयाचे ठरल्यास नोटिशीची पूर्ण मुदत काम करावे, कागदपत्रे व माहिती मागून येणाऱ्याच्या स्वाधीन करावी, आणि भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या ठिकाणी वर्ग करावा. राहावयाचे ठरल्यास पूर्वीच्याच मनाने राहावे. मागणी फेटाळली म्हणून कामात कसूर करणे, ही वेतन घेऊन केलेली चोरी होय.

आपल्या इंदूरच्या तरुणाने काय ठरवावे, हे वाचकांनी स्वतःच ठरवून पाहावे. एवढे मात्र खरे, की तो वरिष्ठांच्या दारी पोहोचेल तेव्हा त्याच्या मुखात चौदा हजारांचा आकडा नसेल.

मननार्थ प्रश्न

१) माझ्या हातातील आकड्यात निश्चित रक्कम किती व अनिश्चित किती?
२) मागणी मान्य झाल्यास मी समाधानाने राहीन काय?
३) माझ्या बोलण्यातील प्रत्येक वाक्य दोन्ही संस्थांसमोर एकाच वेळी उच्चारता येईल काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर निःशंकपणे विचारावे.